शाळेच्या पूर्वेला तळं

रविवारची दुपार ही तिसरीच्या बाईंची खरेदीची वेळ. बाजारातली नव्हे, नेटवरची! जेवणं उरकली की त्या लॅपटॉप उघडून बसत आणि आठवड्याभराचं साहित्य उतरवून घेत. भाषेचा उतारा, गणिताची कोडी, परिसर अभ्यासाचा स्वाध्याय, चित्रकलेला रंगवायचा हत्ती. पहिलं दिसेल ते उघडायचं, शेवटी उत्तरसूची आहे ना एवढं बघायचं आणि छापायचं. तासाभरात सगळे विषय हातावेगळे! आता याला कोण नावं ठेवणार? वर्गात एकोणतीस मुलं, वर शाळेची शंभर कामं, आणि बाईंना हात दोनच.

त्या रविवारी त्यांची आत्या राहायला आली होती. ती बाईंच्याच शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. गुडघे कुरकुरत होते, पण जीभ अजून ठणठणीत होती. "दे इकडे तो गठ्ठा, नुसतं बसून कंटाळा येतो बाई," म्हणत तिने चष्मा चढवला आणि भाचीने तपासलेल्या कागदांत डोकं घातलं. जरा वेळाने तिने विचारलं, "काय गं, शाळेच्या पूर्वेला तळं कधी खणलं?"

"कसलं तळं?"

"हे बघ की. 'शाळेच्या पूर्वेला काय आहे?' तळं. याचंही तळं, हिचंही तळं. अठ्ठावीस पोरांनी तळं लिहिलंय आणि तू सगळ्यांना बरोबरची खूण दिलीस! मासे तरी आहेत का गं त्यात?"

बाईंना आधी हसू फुटलं आणि मग घोळ लक्षात आला. स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर कुठल्याशा शाळेचा नकाशा होता. कागद वाचवायचा म्हणून बाईंनी तो छापलाच नव्हता, नुसते प्रश्न घरी दिले होते. घरोघरच्या आईबापांनी फोनवर तोच स्वाध्याय शोधला आणि तीच उत्तरसूची पोरांना सांगितली. तपासताना बाईंच्या पुढ्यातही तीच!

"आणि ही एकोणतिसावी कोण? हिने 'बेकरी' लिहिलंय. बेकरीच आहे तिथे. तरी हिला फुली?"

"ती आमची चौकशी खिडकी," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

शिक्षकांच्या खोलीत त्या मुलीचं हेच नाव पडलं होतं. ढग खाली का पडत नाहीत, शून्य कुणी शोधलं, मग आधी ते कुठे हरवलं होतं? प्रश्न संपायचेच नाहीत. फुली मिळाल्यावर ती कागद घेऊन आली होती. "बाई, मी सकाळी फाटकात उभी राहून बघितलं. सूर्य बेकरीच्या मागून वर आला." बाई घाईत होत्या. "उत्तरसूचीत तळं आहे. जा, बस जागेवर." त्यानंतर दोन आठवडे तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. बाईंना वाटलं होतं, चला, पोर शहाणी झाली.

आत्याने त्याच मुलीचा पुढचा कागद काढला. 'माझे कुटुंब.' वळणदार अक्षरात लिहिलं होतं : आई, बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. दहापैकी दहा.

"हिला धाकटा भाऊ आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. "नाही गं. ती आणि तिचे बाबा, दोघंच राहतात. हे उत्तरसूचीतलं कुटुंब आहे."

आत्याने तो कागद वेगळा काढून ठेवला.

"उद्यापासून नेट बंद!" बाई तिरमिरून म्हणाल्या. "तू करायचीस तसं सगळं हाताने करीन."

"वेडी की काय! अगं, हे नेट आमच्या वेळी असतं तर मी डोक्यावर घेऊन नाचले असते. आठवतं ना, आपल्या घरी काय पसारा असायचा?"

न आठवायला काय झालं? पलंगभर वाळत टाकलेले तक्ते, खळीचा तो आंबूस वास, कार्बनने निळी झालेली आत्याची बोटं. पलंगावर बसायची सोय नाही, म्हणून सगळं घर जमिनीवर जेवायला आणि गप्पा मारायला. किती सुखाचे दिवस होते ते! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेव्हाही आम्ही दुसऱ्या शाळांतून कागद उसने आणायचोच," आत्या म्हणाली. "पण मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला घालताना आई टाके घालते ना, तसे टाके घालून घ्यायचो. आपल्या पोरांच्या मापाचं झाल्याशिवाय वर्गात न्यायचं नाही. तू टाके घालायचे सोडलेस, एवढंच. आणलंस ते वाईट नव्हतं, न वाचता वाटलंस ते वाईट!"

सोमवारी सकाळी बाईंनी अख्खा वर्ग फाटकापाशी नेला. याच फाटकात लहानपणी त्या स्वतः दोन्ही हात आडवे करून उभ्या राहिल्या होत्या आणि आत्या सगळ्यांना दिशा ओळखायला लावत होती. तेव्हा समोर सायकलचं दुकान होतं. आज बेकरी होती आणि तिच्या छपरावर कोवळं ऊन आलं होतं.

"मुलांनो, पूर्वेला काय आहे?"

"बेकरी!"

"मग चूक कुणाची?" उत्तरही बाईंनीच दिलं, "माझी! मी न बघता फुली मारली. जिने बघून लिहिलं, तिची मी तुम्हा सगळ्यांसमोर माफी मागते."

ती मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. वर्गात आल्यावर बाईंनी कुटुंबाचा कोरा कागद सगळ्यांना पुन्हा दिला. या वेळी उत्तरसूची नव्हती. मुलं लिहायला लागली. ती मात्र पेन्सिल हातात धरून तशीच बसली, मग उठून टेबलापाशी आली आणि अगदी कानाशी येऊन तिने विचारलं, "बाई, खरं लिहू, की बरोबर लिहू?"

बाईंना कळून चुकलं. आठ वर्षांच्या पोरीला हे दोन शब्द वेगळे वाटायला लागले होते, आणि हे आपणच शिकवलं होतं! त्यांनी तिला जवळ ओढलं.

"खरं लिही गं राणी. खरं तेच बरोबर!"

तिने लिहिलं, "मी आणि बाबा." आणि मान वर करून विचारलं, "बाई, दोघांचं कुटुंब असतं का?" दोन आठवड्यांनी चौकशी खिडकी पुन्हा उघडली होती. बाईंनी खडू खाली ठेवला आणि आधी त्याचं उत्तर दिलं.

वाचकहो, जगभरचं ज्ञान आज आपल्या बोटाशी आलंय, ते जरूर घ्यावं. पण कुठल्याही वर्गात, कुठल्याही घरात मुलाच्या हाती देण्याआधी ते एकदा स्वतः वाचावं. आणि डोळ्यांनी बघून आलेल्या मुलाला, छापील उत्तराच्या भरवशावर, कधीही खाली बसवू नये.