रुमाल कोण धुतं?

दवाखान्यातल्या वर्गात नवरा पहिल्या खुर्चीत बसला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जणू सत्कारालाच आला होता. फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रोग्यांना तिथे शिकवत: बेडक्याचा रंग रोज बघा, हिरवा झाला की लगेच या, थांबलात तर जिवावर बेतेल. हे सगळं तो आधीही ऐकून गेला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी! त्यानंतर दोनदा ऑक्सिजनवर जाऊन आला, तरी ढिम्म.

बायको मागच्या बाकावर होती. तिला शिसारी येत होती, बेडक्याची नव्हे, नवऱ्याची. जन्मभर कापडाच्या दुकानात ठाणं उलगडणारा हा टापटिपीचा माणूस डोळे मिटून रुमालात थुंकायचा, नीट घडी घालायचा आणि बादलीत टाकून मोकळा व्हायचा. तो चिकट गोळा खरवडायचा कुणी? हिनेच.

"रंग बघता ना?" नव्या नर्सने त्याला विचारलं.

"बघतो की. पांढरास्वच्छ."

खोटारडा मेला, बायको मनात म्हणाली.

नर्सने इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे. "घरी रुमाल कोण धुतं?"

बायकोने हात वर केला.

"मग पुढे या. शिकवायचं तुम्हाला आहे."

"अहो, आजार मला झालाय!" नवरा फणकारला.

"पण बघतात त्या," नर्स म्हणाली.

"दोन्ही वेळा आधी हिरवाच होता," बायको म्हणाली.

नवरा गर्रकन वळला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. जेवताना घाण बोलू नकोस म्हणालात. मग मीही तोंड मिटलं."

सगळ्यांसमोर बोलून गेली आणि तिला काडीची लाज वाटली नाही.

पुढच्याच आठवड्यात रुमाल उघडला तर आत हिरवागार गोळा. तिने आधी दवाखान्यात फोन केला, मग रुमाल मिटून परत बादलीत टाकला आणि बादली उचलून नवऱ्यापुढे आदळली.

"बघा."

"तू बघितलंस ना? तुलाच शिकवलंय." बोलताना त्याला धाप लागत होती.

"आणि उद्या मी नसले तर?"

दोन बोटांनी त्याने घडी उलगडली. चेहरा पांढराफटक पडला, उमासा आला.

"हिरवा," तो कसाबसा म्हणाला.

"गाडी येतेय," ती म्हणाली. "ओकायचं असेल तर इथेच ओका. तेही मलाच पुसायचंय."