मनकर्णाचं लुगडं आणि दोनचा भोंगा

भिलाईच्या कॅम्पात तेव्हा घड्याळ कोणाकडे नव्हते, आणि कोणाचे अडतही नव्हते. पोलाद कारखान्याचा भोंगा दिवसातून चारदा वाजायचा. त्यावर बायका भात चढवायच्या, नळावर जायच्या, नवऱ्याची वाट पाहायच्या. मनकर्णाने तर त्या भोंग्यावर शेजारणीचे लेकरू पोसले.

शेजारीण म्हणजे भागीरथा. तिचा नवरा कवडू कारखान्यात कोळसा भाजायच्या भट्टीवर, कोक ओव्हनवर, कामाला होता. साठ सालच्या उन्हाळ्यात भागीरथेला टायफॉइड झाला आणि ती चाळीस दिवस दुर्गच्या दवाखान्यात पडून राहिली. तिचा सहा महिन्यांचा नागसेन मनकर्णाच्या मांडीवर गेला. भोंगा झाला की वाटी-चमचा घेऊन ती बसायची.

भागीरथा घरी आली ती काडीसारखी होऊन, केस कातरलेली, दूध आटलेली. दारातच बसून तिने हात पसरले. नागसेनने एकदा तिच्याकडे पाहिले आणि असा टाहो फोडला, की मागच्या रांगेतली माणसे बाहेर आली. मनकर्णाच्या हिरव्या लुगड्यात तोंड खुपसल्यावरच तो थांबला. चार दिवस गेले तरी तेच. पोटचा पोर आपला उरला नाही, हे भागीरथेच्या घशाखाली उतरेना.

कवडूची बहीण सत्यशीला नागपूरला नर्सिंग शिकत होती. वहिनीच्या सेवेला आली तेव्हा वहीही बरोबर आणली होती.

"वहिनी, कावून रडतं? तो तुले इसरला नाही. त्याचं पोट मनकर्णा मावशीले शिकलं."

"पोट शिकते काय?"

"शिकते. परदेशात एका डॉक्टरनं कुत्र्याले घंटी वाजवून खायला देल्लं. रोज घंटी, रोज खाणं. मंग नुसती घंटी वाजली तरी त्याच्या तोंडाले पाणी."

"माह्या लेकराले कुत्रा म्हणून राहिली का तू?"

"आपण सारेच तसे. दुधाचं सुख लेकराले उपजत समजते, माणूस शिकावा लागते. दूध पोटात जाते तवा जे दिसते, ज्याचा वास येते, त्याची त्या सुखासंगं गाठ पडते. अन् रडलं का दूध येते, हेही त्यानं शिकून घेतलं. मावशीही शिकली. उचललं का कलकल बंद."

मनकर्णा दारात उभी राहून ऐकत होती. "म्हंजे मीही कुत्रंच का वो?"

"तू घंटी, मावशी."

भागीरथेने दोन दिवस आपल्या हाताने पाजायचा खटाटोप केला. मनात आले की वाटी घेऊन बसायची. कधी भोंग्याआधी, कधी तो झोपेत असताना. नागसेनने वाटी लाथेने उडवली. तिसऱ्या दिवशी तिलाच काहीतरी सुचले आणि ती शेजारी गेली.

"मनकर्णाबाई, तुमचं हिरवं लुगडं द्या बरं मले. धुऊ नका."

त्याला चुलीच्या धुराचा आणि तंबाखूचा वास होता. भागीरथेने ते नेसले. दोनचा भोंगा झाला. नागसेन ओठ चाटत दाराकडे पाहू लागला आणि दारातून हिरवे लुगडे आत आले. त्याने पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला. मग मान वर करून चेहरा पाहिला. खालचा ओठ थरथरला. पण तेवढ्यात तिसरा चमचा आला आणि ओठ थरथरायचे विसरला.

आठ दिवस पूर्ण लुगडे. मग आपल्या पांढऱ्या लुगड्यावर त्या हिरव्याचा नुसता पदर. मग तो पदर घडी करून मांडीवर. तेवढा वेळ मनकर्णा घरामागे लपून बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, "उसन्याचे पैसे मागून राहिलं का कोनी?" ती म्हणायची, "नाही बाप्पा, परीक्षा चालू हाये." एकदा तिचेही डोळे भरले होते, पण तो धूर होता म्हणाली.

पुढे हिरवे लुगडे परत गेले आणि भोंग्याला भागीरथा आपल्याच लुगड्यात बसू लागली.

एके दिवशी दूध घालणारा उतई गावचा गवळी दोन वाजून गेले तरी आलाच नाही. भोंगा होऊन गेला. भागीरथेच्या हातात ना वाटी, ना चमचा. ती घाबरून भिंतीला टेकून बसली. समोर मनकर्णा उभी, तीही रिकाम्या हाताची. नागसेनने दोघींकडे पाहिले. मग रांगत, लाल मातीचे तळवे उमटवत तो आला आणि भागीरथेच्या मांडीवर चढून पदराशी खेळू लागला.

भागीरथेने हळूच विचारले, "दूध तं नाही ना, मंग कावून आला?"

सत्यशीलेने वही उघडलीसुद्धा नाही. "खाण्याबिगर घंटी वाजली तरी पाणी सुटते, सांगतलं होतं ना? आता भोंगा तूच झाली, वहिनी. रोज पाजत मात्र राहा, नाहीतर गाठ सैल होते."

"भागीरथा तं आधीपासूनच भोंगा हाये," मनकर्णा म्हणाली. "कवडूले इचारा."

आणि गवळ्याची वाट पाहायला ती रस्त्यावर गेली.