घडीमास्तरच्या बारा छत्र्या

छत्रीची घडी घालताना बोलायचं नाही, हा घडीमास्तरचा नेम होता. कुणी लावून दिलेला नव्हे, आपल्या आपण धरलेला. आधी हात धुवायचे, मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवायचं, आणि लांबलचक टेबलावर कापड पसरलं की शेवटची गाठ बसेपर्यंत तोंड मिटलेलं. विमानातून उडी टाकणाऱ्याचा जीव या कापडात असतो, तिथे आपल्या गप्पांचं काय काम? घडी झाली की छत्रीच्या कप्प्यात तारीख आणि सही घातलेली चिठ्ठी ठेवायची. चौदा वर्षांत त्याच्या सहीच्या एकाही छत्रीनं दगा दिला नव्हता. उडीच्या दिवशी जवान त्याच्याच मांडणीपुढे गर्दी करत. "मास्तर, तुमच्या हातची द्या हो. बायकोला शब्द दिलाय परत येईन म्हणून."

आता नेम पाळायला कष्ट पडत नव्हते. बोलायला येत होतं कोण?

दीड महिन्यापूर्वी तळावर सभा भरली होती. पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषानं, बाईवर जीव लावणाऱ्या बाईनं फौजेत राहताना ते लपवावं की उघड राहावं, यावर सरकारनं प्रत्येक तळाचं मत मागवलं होतं. निकाल लागेपर्यंत कुणाला घरी धाडायचं नाही, असा हुकूम होता. बोलणारे पुष्कळ बोलले. मग वायरलेसवाला उठला. माणूस हजरजबाबी, हशा वसूल करणारा.

"साहेब, प्रश्न विश्वासाचा आहे. असला माणूस शेजारी असेल तर त्याच्या भरवशावर मी जीव कसा टाकू? मला जीव एकच आहे, आणि तोही बायकोच्या नावावर."

सगळे हसले. घडीमास्तरही हसणार होता. चौदा वर्षं अशा वेळी हसतच आला होता. पण तो उभा राहिला.

"परवा टाकलात की," तो म्हणाला. "माझ्याच छत्रीनं उतरलात."

पुढच्या रांगेत उस्ताद बसले होते. पहिली घडी त्यांनीच याला शिकवली होती. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

"अरे, बोलायची काय गरज होती? इतकी वर्षं पोटात ठेवलंस, आणखी सहा ठेवली असतीस तर पेन्शन झाली असती."

"पोटात जागा उरली नाही, ताई."

"जेवलास का?" तिनं विचारलं, आणि रडायला लागली.

त्यानंतर त्यानं घातलेल्या घड्या मांडणीवरच राहिल्या. घडी घालणाऱ्या बाकीच्या तिघांच्या मांडण्या उडीच्या दिवशी रिकाम्या व्हायच्या. याच्या मांडणीपाशी रांग पाण्यासारखी वळसा घेऊन पुढे जायची. एकानं जाता जाता म्हटलंही, "मास्तर, राग मानू नका हं. बायकोनं शपथ घातलीय." बारा छत्र्यांनी मांडणी भरली, मग घडी घालायला कापडच उरलं नाही. तो रोज येई, हात धुई, कोरडं टेबल पुसे. खिडकीत त्याच्या कपाशेजारी उस्तादांचा कान तुटलेला कप होता. दहाच्या चहाला ते रोज इथे यायचे, ते सभेपासून आले नव्हते. तरी तो दोन्ही कप विसळून ठेवी.

साहेबांनी बोलावलं तेव्हा ते वाईट बोलले नाहीत, म्हणून जास्तच लागलं. "महिनाअखेरीला आमचं मत वर जाईल. छत्र्या दिल्याचं रजिस्टर सोबत जोडायचंय. तुमची एकही गेली नाही, तर मी काय लिहू? विश्वास आहे म्हणून? तुम्हाला मग पांघरुणांच्या कोठारात घ्यावं लागेल. घड्याच घालायच्या आहेत तिथेही."

"हो साहेब," तो म्हणाला. पांघरूण अंगावर घेऊन कुणी आकाशातून उतरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

महिन्यातली शेवटची उडी आली. रांग लागली, वळसा घेऊ लागली. रांगेच्या शेवटी उस्ताद होते. या वयात ते वर्षाकाठी दोनदाच उडी घेत. ते संथपणे पुढे आले, घडीमास्तरच्या मांडणीपाशी थांबले आणि अगदी तळातली छत्री ओढून काढली.

"उस्ताद, ती मास्तरांची आहे," मागे वळून वायरलेसवाला म्हणाला.

"वाचता येतं मला."

रजिस्टरात सही करून ते निघून गेले. घडीमास्तरकडे पाहिलं नाही.

तो कधी उड्या बघायला बाहेर जात नसे. आज दारात उभा राहिला. विमानातून ठिपके सुटले. एक, दोन, सात, अकरा. शेवटचा ठिपका पडत राहिला, पडतच राहिला, आणि मग फुलला. घडीमास्तरनं दाराची चौकट सोडली तेव्हा बोटं आखडली होती.

तासाभरानं उस्ताद आले. छत्रीचं बोचकं त्यांनी टेबलावर टाकलं.

"उघडताना डावीकडे झटका बसला. दोऱ्या घाईत घातल्यास."

"घाई नव्हती, उस्ताद."

"मग लक्ष नव्हतं. मला तुझं ते बाकीचं कळत नाही, आणि या वयात कळेल असंही नाही. पण घडी कळते." ते वळले. कपाकडे त्यांची नजर गेली की नाही, सांगता येत नाही. ते गेले.

दीड महिन्यात कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायला आधी ते काम वापरावं लागतं.

त्यानं कप्प्यातली चिठ्ठी काढली. सभेच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. मग त्याला आठवलं. त्या दिवशी डाव्या दोऱ्या ओवताना तो बोलत होता. कुणाशी नाही, आपल्याशीच. सभेत काय काय म्हणायला हवं होतं, ते सगळं. चौदा वर्षांचा नेम मोडला होता आणि त्याला कळलंही नव्हतं.

रजिस्टरात त्याच्या नावापुढे एक नोंद पडली होती. वर उरलेल्या अकरा छत्र्या त्याच्याच हातच्या, त्याच दिवसांतल्या. तपासा असं कुणी सांगणार नव्हतं.

त्यानं दार लोटलं, हात धुतले, घड्याळ काढून दोन कपांच्या मध्ये ठेवलं. पहिली छत्री खाली उतरवून उघडली, कापड टेबलभर पसरलं आणि तोंड मिटून घेतलं.