या म्हणजे हो

जर्मन भाषेत ‘हो’ला ‘या’ म्हणतात. याचे परिणाम आधी लक्षात आले असते तर मी ओसरीत बसून अभ्यास केलाच नसता.

आमचं घर सौंसरला, अगदी रस्त्याला लागून. नवरा, वीरेंद्र, जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. मला आणि आमच्या दोन वर्षांच्या दामिनीला त्याच्याकडे जायचं, तर मी आधी जर्मनची पहिली परीक्षा पास होणं भाग होतं. इकडे दामिनीचा समज असा झाला होता की मोबाईल म्हणजेच बाबा. चार्जिंगला लावला की म्हणायची, “बाबा जेवून राहिले.” पहिल्यांदा मी हसले. त्यानंतर मला झोप लागेना.

लेखी मला जमायचं. बी.एस्सी. झालेय, पाठांतराला घाबरत नाही. पण बोलायची वेळ आली की आख्खं वाक्य डोक्यात धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायचं आणि मग तोंडातून काढायचं, अशी माझी सवय. तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला. ऑनलाइन शिकवणाऱ्या स्मिता मॅडमनी शेवटी स्पष्टच सांगितलं, “अश्विनी, पंधरवड्यानं मी तुझी तोंडी घेणार. बोलली नाहीस तर या वेळेला फॉर्म भरायचा नाही. चुकीचं बोल, पण बोल. रोज, मोठ्यानं.”

म्हणून मोठ्यानं. आणि ओसरीत, कारण आत दामिनी झोपलेली.

“या! या, या!” मोबाईलवरच्या धड्यातल्या बाईच्या मागोमाग मी म्हणत होते. तेवढ्यात शेजारचे कवडू काका रस्त्यानं चालले होते. थांबले, चपला काढल्या आणि खुर्चीत येऊन बसले.

“एवढी बलावून राहिली, त येतोच म्हटलं.”

मी उठून चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन करून परतणारं एक अनोळखी जोडपं आलं. “बिनावळखीचं बी बलावता बाई तुम्ही, लय चांगले लोक,” असं म्हणून दोन-दोन कप प्यायलं.

सासूबाई वैतागल्या. “अवं, दूध सरलं! थे या-या बंद कर, नाईतर जा-जा शिक. अन् मधामधात इश्श कायले करतं?”

“इश म्हणजे मी, आई.”

“मी म्हणायलेबी लाजते का थे लोकं?”

त्या दिवशी मी हिरमुसून बसले. मग डोक्यात आलं, बोलायला माणूस नाही म्हणून मी रडतेय आणि इथं माणसं आपल्या पायानं येऊन बसतायत! लगेच नियम केला. ओसरीत काही हवं असेल तर जर्मनमध्ये मागायचं. मी विचारणार, “टे ओडर वासर?” म्हणजे चहा की पाणी.

“या वयात मले कायले शिकवतं?” काका म्हणाले.

“बघा, मित त्सुकर म्हणजे साखर घालून. ओने त्सुकर म्हणजे बिनसाखरेचा.”

काकांना शुगर आहे. घरी काकूंचा पहारा, इथं माझ्या सासूबाईंचा, कलाबाईंचा. ते खुर्चीत पुढे सरकले. हळूच म्हणाले, “म्हंजे मी मित म्हटलं, त कलाबाईले समजन नाई?”

“नाही.”

“शिकव.”

दुसऱ्याच दिवशी काका खणखणीत म्हणाले, “बिट्टे, टे मित त्सुकर.” बिट्टे म्हणजे कृपया. पण आम्ही दामिनीला लाडानं बिट्टी म्हणतो, त्यामुळे काकांच्या प्रत्येक विनंतीला ती धावत बाहेर यायची.

मला मात्र घोर. काकांची साखर वाढली तर? म्हणून मी कपात रिकामाच चमचा खणखण फिरवायचे. काका घोट घ्यायचे, डोळे मिटायचे. “आहा! मित हाये मित!”

काकांना धीर नव्हता. उत्तराला उशीर झाला की ते स्वतःच स्वयंपाकघराकडे निघायचे. मग मला भराभर बोलावं लागायचं. इस्त्रीला वेळच मिळेना.

तोंडीचा दिवस आला. मोबाईल टेबलावर उभा केला, त्यात स्मिता मॅडम. नाव, गाव सांगून झालं. मग त्यांनी ‘पिणे’ असं लिहिलेलं कार्ड दाखवलं. यावर बोल. मी वाक्य धुवायला टाकलं. ते काही वाळेना. मॅडमनी जर्मनमध्ये विचारलं, ऐकू येतंय का?

मला एवढंच सुचलं, “या. या.”

“आलो!” कवडू काका आत. मोबाईलला नमस्कार केला, बसले. “बिट्टे, टे मित त्सुकर.”

दामिनी धावत आली. आणि आतून सासूबाई कडाडल्या, “नाइन म्हंजे नाई! ओने! ओने त्सुकर! कवडू भाऊ, मले काय समजत नाई वाटलं का?”

काकांचा चेहरा पाहून माझ्या तोंडाचा बांध फुटला. मोबाईलकडे वळून मी सुटलेच. हे आमचे शेजारी, आजारी आहेत. डॉक्टर म्हणतात साखर नको. ते रोज मागतात. मी देत नाही, चमचा रिकामा असतो! सगळं जर्मनमध्ये.

“कोण बोललं आतून?” मॅडमनी जर्मनमध्येच विचारलं.

“माझी सासू. तिला सगळं समजतं.”

“काय सांगून राहिली वो माह्याबद्दल?” काकांनी संशयानं विचारलं.

मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या. “व्याकरणाचा भुगा केलास. पण एकदाही थांबली नाहीस. उद्या फॉर्म भर.”

दामिनीनं टेबलावरचा मोबाईल ओढून घेतला आणि त्याला म्हणाली, “बाबा, या!” मी तिला घट्ट धरलं आणि सांगितलं की बाबांनी यायचं नाही, आपणच जायचं.

तेवढ्यात सासूबाईंनी चहा आणला. तोच चहा, फक्त चमच्याचा आवाज न करता. काकांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हा ओने हाये,” ते म्हणाले. “लगेच समजते.”