पत्ता कुणाच्या नावावर

नारपोलीतल्या त्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडतं. आत जाताना मान लववावी लागते, बाहेर येतानाही.

*

कशेळीच्या गोदामात खोकल्याच्या औषधाचे खोके छतापर्यंत रचलेत. खाली एका टेबलावर संगणक. तो अडला की दारातले टेंपो अडतात.

*

दिघाशीची गोदू म्हातारी, लेकाचा धंदा विचारला की: "तारेतनं कायतरी पाठवतो. दिसत न्हाय, पन पगार हाय."

*

अकरा महिन्यांचा करार. वाचला कुणी? कुणी नाही.

*

अब्दुल महिन्याचं भाडं स्वतः घरमालकाच्या घरी नेऊन देतो. घरमालक केव्हाच वारला. आता त्याचा नातू पावती फाडतो, पाणी विचारत नाही.

*

दुकान अब्दुलचं. तिथून त्याची लेक इशरत गोदामांना आणि लूमच्या कारखान्यांना इंटरनेट पुरवते. तारा ओढणं, यंत्रं बसवणं हे काम बुद्धभूषणचं. गोदू त्याची आई.

इंटरनेटवर प्रत्येक दाराला आकडा असतो, आयपी पत्ता म्हणतात त्याला. औषध कंपन्यांचे संगणक ओळखीच्या आकड्यावरून आलेल्यालाच आत घेतात, बाकीच्यांना बाहेरच उभं करतात. म्हणून कशेळीच्या गोदामाला न बदलणारा आकडा हवा होता. तो इशरतनं दिला. पण आकडा तिचा नव्हता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून तिनं असे आकडे गठ्ठ्यानं भाड्यानं घेतले होते.

आणि इथेच तिची चूक झाली. परगावच्या माणसाची झाली नसती. तिच्या गल्लीतली निम्मी दुकानं पागडीची. एकदा पागडीची ठोक रक्कम मोजली की भाडं नावापुरतं, आणि पावती फाटत राहिली की घरमालकाच्या बापालाही तुम्हाला हलवता येत नाही. इशरत अशा पावत्यांच्या भरवशावर लहानाची मोठी झाली होती. आकड्यांसाठीही तिनं आधी अनामत दिली होती, भाडं कधी चुकवलं नव्हतं. तिच्या लेखी आकडे तिचे झाले होते.

मग ईमेल आलं. व्यापाऱ्यानं गठ्ठा दुसऱ्याला विकला होता. अकरा महिन्यांचा करार संपला की आकडे सोडावेत, अनामत परत मिळेल, कळावे.

"पावत्या दाखवू त्याला," इशरत म्हणाली.

"दाखवा की. तो म्हनेल, छान हायेत." बुद्धभूषण वैतागला की दिघाशीचं बोलायचा. "आपा, ही पागडी न्हाय. लिव्ह अँड लायसन्स हाय."

*

कशेळी. गोदामाचा मॅनेजर केसरीनाथ, कानावर पेन.

"परत नवा आकडा? गेल्या वेळी एकेका कंपनीला पटवताना माझ्या तोंडाला फेस आला होता, इशरतबाई."

"माहीत आहे."

"करतो. का करतो सांगू? तुम्ही फोन उचलता. मोठ्या कंपन्या गाणी ऐकवतात. पण हे शेवटचं. याच्यावर परत आकडा बदलला, तर तुमची तार मी माझ्या हातानं कापणार. पक्कड पण तुमच्याच माणसाची घेणार."

पक्कड बुद्धभूषणच्या खिशात होती. त्याने ती आत ढकलली.

केसरीनाथच्या शब्दावर त्या आवारातली सगळी गोदामं चालत. तो गेला तर इशरतकडे उरणार होते फक्त लूमवाले, तेही सुताचा भाव पडला की आधी इंटरनेट बंद करणारे.

म्हणजे वाटा दोन. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून पुन्हा भाड्याचे आकडे घ्यायचे आणि त्यानं ते विकू नयेत अशी दुआ करायची. नाहीतर स्वतःचे विकत घ्यायचे. त्यासाठी दुकानाची पागडी मोडावी लागणार होती: घरमालकाला त्याचा वाटा देऊन दुकानाचा हक्क दुसऱ्याला विकायचा. मोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

*

"दाखव," अब्दुल म्हणाला. "काय घेणारेस ते दाखव."

"दिसत नाही ते, अब्बा."

"दुकान दिसतं."

"हो."

"दिसणारं देऊन न दिसणारं घ्यायचं. वा! आपल्या खानदानात एवढा मोठा व्यापारी झाला नव्हता."

"चाचा, मालकीचं राहील," बुद्धभूषण मध्ये पडला. "आकडे वाटणारी एक संस्था आहे. तिच्या रजिस्टरात आपलं नाव लागतं. दर साल त्यांची फी भरायची, बस."

अब्दुलनं कप खाली ठेवला. "विकत घेऊन परत फी?"

"हो."

"नाही भरली तर?"

"काढून घेतात."

"आणि उद्या दुसऱ्याला द्यायचे झाले तर?"

"त्यांना विचारून. त्यांचं काय ते देऊन."

अब्दुल हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, इशरतनं पाठीवर थाप मारली. "अरे, मग ही पागडी आहे! कधीपासून मालकी मालकी काय लावलंय?"

तो इशरतकडे वळला.

"आणि आधी घेतलं होतंस ते?"

"अकरा महिन्यांचं," इशरत म्हणाली.

"अकरा महिन्यांच्या खोलीत शहाणा माणूस खिळासुद्धा ठोकत नाही. तू गावभर पत्ता वाटलास."

अब्दुल उठला. शटरखालून वाकून बाहेर पडला.

*

पुढच्या महिन्यात भाडं द्यायला निघताना त्यानं इशरतला सोबत घेतलं. पावती फाडायला बसलेल्या नातवाला म्हणाला, "पागडी फिरवायची आहे. तुझा वाटा घे, नवीन माणसाचं नाव लाव."

नातवानं आत आवाज दिला. पाणी आलं. मागोमाग सरबतही आलं.

*

यंत्रं आता अब्दुलच्या घरी, पुढच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या उशाशी आहेत. रात्री हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. केसरीनाथनं आकडा बदलून घेतला. पेन अजून कानावरच. फीची पावती ईमेलवर येते, अब्दुल ती छापून मागतो. दुकानाच्या नव्या माणसानं शटर एका दुपारी दुरुस्त करून घेतलं. इशरत तिथून जाते तेव्हा ते पूर्ण वर असतं.

*

अब्दुलच्या आधी ते दुकान ज्याच्याकडे होतं, त्यानंही ते सोडलं होतं, लूम घेण्यासाठी.