अननसाला शेगडीचा धूर

मैनाबाईच्या नातवाच्या बारशाला मुंबईहून अननस आला होता. गंगापूर रोडवरच्या त्या बैठ्या चाळीत तेव्हा अननस म्हणजे नवलच. तो चिरायला बसवलं शेजारच्या चांगुणाला. तिने साल काढली, काटेरी डोळे एकेक करून कोरले, सगळ्या बायकांच्या बशा भरल्या. स्वतःची बशी पुढे ओढली तेव्हा ताटात नुसता रस उरला होता.

मैनाबाईने अननसाचा पानांचा शेंडा उचलला आणि चांगुणाच्या पदरात टाकला.

"घ्या चांगुणाबाई, डब्यात लावा. फळ आलं की बोलवा आम्हाला!"

बायका खदखदून हसल्या. चांगुणाही हसली. पण तिने तिथेच ठरवलं, हाच शेंडा, हेच शब्द, याच बायकांसमोर मैनीच्या पदरात परत घालीन.

घरी येऊन तिने शेंड्याची खालची पानं सोलली, तो सावलीत सुकवला, डालड्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात लावला. मुळं धरली, पानं तलवारीसारखी पसरली. दिवाळ्या आल्या नि गेल्या, फळाचा पत्ता नाही.

"काय हो, कधी बोलावताय?" मैनाबाई नळावर रोज विचारायची. पुढे पुढे तर ती शेगडी पेटवून मुद्दाम त्या डब्याशेजारी आणून ठेवू लागली. "इथे वारा लागतो हो!" ओल्या कोळशाचा धूर पानांत कोंडायचा. झाड मारायचा डाव चांगुणाला कळत होता. पण दारात ऊन तेवढ्याच जागी येई. डबा हलवायचा तरी कुठे?

आणि एका सकाळी पानांच्या मधोमध लालसर कोंब दिसला.

कोपऱ्यावरच्या तानुबाईचं माहेर कोकणातलं. ती वाकून बघत म्हणाली, "धुराने फळ धरलंय गं! माझे वडील मुद्दाम धूर द्यायचे अननसाला."

चांगुणाला हसू आवरेना. "हे मैनीला नका हं सांगू."

फळ पिवळं झालं, वास चाळभर सुटला. चांगुणाने त्याच बायकांना बोलावलं. पहिली बशी स्वतः घेतली, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत सावकाश खाल्ली. मग इतरांच्या भरल्या. मैनाबाईच्या पदरात शेंडा पडला.

"घ्या मैनाताई, डब्यात लावा. फळ आलं की बोलवा आम्हाला!"

या वेळी तानुबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. मैनाबाईचा चेहरा पडला, पण ती हार मानणारी नव्हती. तिने दुसऱ्याच दिवशी मोठा डबा आणून दारात शेंडा लावला.

झाड भरात आलं तोवर मैनाबाईकडे गॅस आला होता. शेगडी उरली ती चांगुणाचीच. एक दिवस मैनाबाई दारात येऊन उभी राहिली.

"चांगुणाबाई, तुमची शेगडी जरा लांब ठेवाल का? धुराने मरेल हो माझं झाड."

"ठेवते की, मैनाताई. त्यात काय!"

चांगुणाने धुमसती शेगडी उचलली आणि थेट मागच्या अंगणात नेली. दुसऱ्या दिवसापासून तर ती पेटवायचीच तिथे, मैनाबाईने न सांगता.