घरचीच पाहुणी

माझ्या नवऱ्याला लोकांना ऐकायला शिकवायचं होतं. पुन्हा वाचू नका, बरोबरच लिहिलंय. घरात पाऊल टाकलं की ज्याला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही, त्या माणसानं कुटुंबातल्या संवादावर पॉडकास्ट काढायचं ठरवलं. नाव ठेवलं, ‘कान देऊन’.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे सहाच भरतात. गिटार कपाटावर पडली आहे आणि माशांच्या पेटीत आता कांदे-बटाटे राहतात. त्यामुळे मायक्रोफोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याची जागा ठरवून ठेवली. पण या वेळी गडी पेटला होता. झोपायच्या खोलीच्या खिडकीवर रजई ठोकली, मायक्रोफोनला माझा धुतलेला मोजा घातला. ‘प’ म्हटलं की फुस्स आवाज येतो म्हणे, मोज्यानं तो थांबतो. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, मिक्सर बंद, नळ बंद. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकायची.

माझं चाललं होतं वेगळंच. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. धरणाजवळ नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहतंय आणि तिथली प्रयोगशाळा साहेबांनी मला देऊ केली होती. दोन वर्षं तिथंच राहायचं, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं. मला जायचं होतं. परवानगी नको होती मला, ती मागायचं वय गेलं. पण त्यानं निदान ‘कुठे गं?’ एवढं विचारावं, असं फार वाटत होतं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. रजई ठोकताना म्हटलं, “अरे, धरणावर नवी लॅब होतेय, तिथे मला...”

“ते टोक ताणून धर,” तो म्हणाला.

मग जेवताना पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी खूश झाले. नंतर दिसलं, कानात हेडफोन होते आणि कुणीतरी परदेशी गृहस्थ त्याला मायक्रोफोन कसा धरायचा ते समजावत होते. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात माझा हातखंडा आहे, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिल्या भागाला त्याचा दंतवैद्य मित्र येणार होता. त्यानं आयत्या वेळी टांग दिली, तेव्हा नवरा मला म्हणाला, “तू बस ना. घरचीच आहेस.”

बसले. लाल दिवा लागला आणि तो मला चक्क ‘तुम्ही’ म्हणायला लागला. आमच्या लग्नातही मला एवढा मान मिळाला नव्हता. कागदावरचा शेवटचा प्रश्न त्यानं वाचला, “पती-पत्नींमध्ये मोकळा संवाद असावा, असं आपल्याला वाटतं का?”

“वाटतं,” मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. धरण, प्रयोगशाळा, दोन वर्षं, शुक्रवार. मला जावंसं वाटतंय आणि तू काहीच विचारत नाहीस याचं वाईटही वाटतंय, हेसुद्धा. तो लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या बघत होता. त्यानं हातानं खूण केली, जवळ ये. मला वाटलं, ऐकलं यानं. मायक्रोफोनच्या जवळ ये, असं म्हणायचं होतं त्याला. मी जवळ सरकून सगळं पुन्हा सांगितलं.

“वा, फार मोलाचं बोललात,” तो म्हणाला आणि दिवा बंद केला.

मला वाटलं, आत्ता नाही तर काटछाट करताना तरी ऐकेल. पण स्वतःचा आवाज ऐकला की त्याला कसंतरी होतं. म्हणून आवाज बंद ठेवून, पडद्यावरच्या नुसत्या लाटा बघून त्यानं काटछाट केली. सपाट दिसलं ते कापलं, उंच दिसलं ते दाबलं. शेवटी संगीत चिकटवलं आणि भाग सगळ्या नातेवाइकांना आणि मित्रांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या कानाला यंत्र लावतात. “दोनदा ऐकलं गं,” म्हणाल्या. “जा तू. त्याची काळजी करू नकोस, भूक लागली की गॅस पेटवता येतो सगळ्यांना.”

मी फोन ठेवला तर हा समोर उभा. “आई काय म्हणाली?”

“फार आवडलं म्हणाल्या. विशेषतः शेवट.”

“संगीत आहे ना तिथं,” तो म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

मावशींचा फोन आला, दंतवैद्याचा आला. सगळ्या जगाला माहीत होतं. मी शुक्रवारी ऑफिस सुटेपर्यंत थांबले आणि मग साहेबांना होकार कळवला.

शनिवारी सकाळी माझ्या नणंदेनं त्याला विचारलं, दादा, दोन वर्षं एकटा कसा राहणार? तो फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात आला.

“कसली दोन वर्षं?”

“तुझा पॉडकास्ट ऐक.”

“मीच केलाय तो.”

“म्हणूनच म्हणतेय.”

त्यानं ऐकला. मी दारात उभी राहून त्याचा चेहरा बघत होते. एका ठिकाणी त्याची मान वर आली ती तशीच राहिली. संगीतही संपलं असावं, तरी हेडफोन उतरेनात.

“मला आधी सांगायचंस,” तो शेवटी म्हणाला.

एरवी मी यावर दोन तास बोलले असते. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की मला त्याची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

“कुठे आहे गं ते?” त्यानं विचारलं.

मी समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. रस्ता कसा आहे, राहायची खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं. तो माझ्याकडे बघत, मन लावून ऐकत होता.

“मग काय ठरवतेस?” त्यानं हळूच विचारलं.

“काल कळवलं,” मी म्हटलं.